यंत्राची पोच



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजांच्या कारकिर्दी डोळ्यांपुढे येतात. परंतु आपला रोजचा व्यवहार ज्यांच्यावर चालतो अशा पुष्कळ साध्या गोष्टींनाही इतिहास असतो. तो आपण क्वचितच विचारतो. अशाच एका गोष्टीचा इतिहास आज मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे. ती गोष्ट म्हणजे पोच.

गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करीत आलो आहे. या कामात नव्या कार्यकर्त्याला पहिला धडा भाषणाचा देत नाहीत, पोच घेण्याचा देतात. मागणीपत्राच्या दोन प्रती न्यावयाच्या. एक कचेरीत द्यावयाची आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख व आवक क्रमांक घेऊन ती जपून ठेवावयाची. एका कारखान्यात व्यवस्थापनाने सुनावणीत सांगितले की, असे पत्र आम्हांला मिळालेच नाही. तेव्हा शिक्क्याची ती प्रत पुढे ठेवली आणि तेवढ्यावर तो वाद मिटला. पोच हे दुबळ्या पक्षाचे हत्यार आहे, ही गोष्ट मी पुस्तकात वाचण्यापूर्वी अशी शिकलो.

आज व्यवहारातला कागद कमी होत चालला आहे. वीजबिल, रेल्वेचे तिकीट, पैशांची उलाढाल, अर्ज, हजेरी, सगळे फोनवरून होते. आपण पडद्यावर बोट टेकतो. आपला मजकूर दूरच्या एका यंत्राकडे जातो आणि ते यंत्र उत्तर देते. मजकूर पाठवावयाचा आणि आलेले उत्तर वाचावयाचे, ही दोन्ही कामे आपल्यावतीने एक प्रोग्राम करतो. उत्तरात काय लिहिले होते ते आपण पाहत नाही. प्रोग्रामने त्याचा जो अर्थ लावला तेवढाच आपल्याला दिसतो. ही उत्तराची भाषा कोणी ठरविली, तिच्यात काय काय सांगता येते आणि तिच्यात स्पष्ट लिहिलेला दोष व्यवहारात कोणाच्या माथी पडतो, हे समजून घेणे आता प्रत्येक नागरिकाला अगत्याचे झाले आहे.

पोचेचे शास्त्र यंत्राबरोबर जन्मले असे मात्र कोणी समजू नये. आपल्या पेठांतील सावकारांनी ते हुंडीच्या व्यवहारात फार पूर्वीच बांधले होते. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मोजावयाचे. मुदती हुंडी आधी सकारावयाची आणि मुदत भरल्यावर तिचे पैसे द्यावयाचे. हुंडी सकारली म्हणजे पटली असे नव्हे, हा भेद पेढीवरच्या पोरसवदा कारकुनालाही ठाऊक असे. वाटेत हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत लिहून देत. तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, तिला परपेठ म्हणत. या तिन्ही प्रती एकाच व्यवहाराच्या. त्यांतली एक पटली की बाकीच्या निकामी. निरोप पुन्हा पाठवता आला पाहिजे, परंतु पैसे दोनदा जाता कामा नयेत, ही अडचण त्यांनी अशी सोडविली होती.

यातून चार प्रश्न निघतात. निरोप पोचला का? तो सकारला गेला का? काम पुरे झाले का? आणि तोच निरोप पुन्हा पाठविला तर काम दोनदा तर होणार नाही ना? हे चार प्रश्न आपण हाताशी ठेवू. कारण पुढची सारी कथा त्यांचीच आहे.

आता तारेकडे वळू. हिंदुस्थानात १८५० साली डॉ. विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली कलकत्ता ते डायमंड हार्बर या मार्गावर तारेचे काम सुरू झाले आणि १८५५ साली तार सर्वसामान्य जनतेसाठी खुली झाली. २०१३ च्या जुलैत ती सेवा बंद झाली. तारेच्या मजकुरापूर्वी त्यातील शब्दांची संख्या कळवीत. घेणाऱ्या तारवाल्याने शब्द मोजावयाचे. संख्या जुळली तर पोच द्यावयाची, नाही तर पुन्हा मागावयाचे. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना शुभेच्छांच्या तारांचीही आठवण असेल. तारघरात ठराविक वाक्यांची यादी लावलेली असे. पाठविणाऱ्याने नुसता क्रमांक लिहावयाचा आणि पलीकडच्या तारघराने त्या क्रमांकाचे पूर्ण वाक्य लिहून द्यावयाचे. आधी मजकुराची लांबी सांगणे आणि पुऱ्या वाक्याऐवजी आकडा पाठविणे, या दोन्ही युक्त्या आजच्या यंत्रांच्या भाषेत जशाच्या तशा आढळतात.

परंतु तारेच्या दोन्ही टोकांना माणूस होता. १९०८ साली हिंदुस्थानातील आणि ब्रह्मदेशातील तारवाल्यांनी संप केला, तेव्हा व्यापाऱ्यांना आणि सरकारला त्या माणसाची चांगलीच आठवण झाली. पुढे टेलेक्स आले आणि माणसावाचून पोच देण्याची सोय झाली. टेलेक्सच्या यंत्रावर ‘आपण कोण?’ अशा अर्थाची एक कळ असे. ती दाबली की पलीकडचे यंत्र, खोलीत कोणी नसले तरी, आपला ठरलेला नामसंकेत उलट पाठवी. येथे यंत्र जागेवर आहे, एवढेच त्या पोचेवरून कळे. साहेबांनी कागद वाचला, असा तिचा अर्थ नव्हता. संगणकांसाठी अक्षरांना आकडे देणारा ‘आस्की’ नावाचा संकेत १९६७ साली सुधारला गेला, तेव्हा त्यात अक्षरांच्या पंगतीत चौकशीला ५, पोचेला ६ आणि नकाराला २१ असे स्वतंत्र आकडे मिळाले.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातून स्टॅनफर्ड येथील संशोधन संस्थेच्या संगणकाकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्याचा पहिला प्रयत्न झाला. दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक कोलमडला. अक्षर पोचले की नाही, हे दोन्हीकडची माणसे टेलिफोनवरून एकमेकांना विचारीत होती! संगणकांच्या त्या जाळ्यावरची पहिली पोच तोंडी होती.

हे फार काळ चालणे शक्य नव्हते. एका संगणकाने दुसऱ्याकडे फाइल पाठवावयाची तर ‘झाले’, ‘थांबा’, ‘जमत नाही’ हे यंत्रालाच सांगता यावयास हवे. १९७४ साली यासाठी तीन अंकी उत्तरांची एक नीट पद्धत आखली गेली. जॉन पोस्टेल हे त्या कामातले प्रमुख नाव. त्यांनीच १९८२ साली संगणकी टपालाचे नियम लिहिले, त्यांतही हीच पद्धत आहे. तीन अंकांपैकी पहिला सर्वांत महत्त्वाचा. तो २ असेल तर काम झाले. ४ असेल तर आत्ता जमत नाही, पुन्हा यत्न करा. ५ असेल तर हे जमणारच नाही, पुन्हा येऊ नका. म्हणजे येथे चार आणि पाच यांतील भेद तात्पुरता नकार आणि कायमचा नकार असा होता. हा मुद्दा ध्यानात असू द्यावा.

याच सुमारास, १९७५ साली, पोचेविषयी एक विलक्षण सत्य शास्त्रज्ञांनी मांडले. जिम ग्रे यांनी १९७८ साली त्याला दोन सेनापतींच्या कोड्याचे रूप दिले. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन फौजा आहेत, मधल्या खोऱ्यात शत्रू आहे. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय. म्हणून जासूद पाठवावयाचा, पण तो वाटेत पकडला जाण्याची भीती आहे. पहिल्याने वेळ कळविली. दुसऱ्याने पोच पाठविली. पण पोच पोचली की नाही हे दुसऱ्याला कसे कळणार? म्हणून पोचेची पोच, मग तिचीही पोच! कितीही जासूद धाडले तरी दोघांचीही पुरती खात्री कधीच होत नाही. बेभरवशाच्या वाटेवर परिपूर्ण पोच अशक्य आहे, हे सिद्ध झाले. तेव्हा उपाय वाटेवर शोधून भागणार नाही. तो वहीत शोधला पाहिजे, म्हणजे कशाची नोंद कोणी ठेवावयाची आणि गोंधळ झाल्यास कोणाचे म्हणणे धरावयाचे, या करारात.

आता वेबकडे येऊ. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९१ साली तिच्या संभाषणाचे पहिले नियम लिहिले. त्या नियमांना आपण एचटीटीपी या नावाने ओळखतो. ती पहिली आवृत्ती अगदीच साधी होती. अमुक कागद द्या, अशी एका ओळीची मागणी. उत्तरात तो कागद. कागद नसेल तर तसा मजकूर यावयाचा, परंतु तोही कागदासारखाच. हे उत्तर आहे की नकार, हे मजकूर वाचल्याखेरीज ओळखण्याचा मार्ग नव्हता. माणसाला ते चालले असते. प्रोग्रामला ते कसे कळावे?

मे १९९६ मध्ये बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि हेन्रिक फ्रिस्टिक यांच्या नावाने एचटीटीपीची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत दोन गोष्टी पक्क्या नोंदल्या गेल्या. एक, केवळ मागण्यासाठी ‘गेट’ आणि आपल्याकडचा मजकूर पाठविण्यासाठी ‘पोस्ट’ अशा वेगवेगळ्या क्रिया. दुसरी, उत्तराच्या पहिल्याच ओळीत तीन अंकी आकडा. आकड्यांची पद्धत जुनीच. पण पहिल्या अंकाचा अर्थ येथे बदलला. २ म्हणजे काम झाले किंवा मागणी मान्य. ३ म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर जा. ४ म्हणजे चूक मागणाऱ्याची. ५ म्हणजे चूक उत्तर देणाऱ्याची. टपालात चार आणि पाच यांनी ‘पुन्हा या’ आणि ‘येऊ नका’ हा भेद सांगितला. वेबमध्ये ते दोष कोणाचा हे सांगू लागले. पत्ता चुकला तर ४०४, मागणी वेडीवाकडी लिहिली तर ४००, आत येण्याचा अधिकार नसेल तर ४०३. पण पलीकडचे यंत्रच बिघडले तर ५००, आणि सेवा सध्या देता येत नसेल तर ५०३. पुन्हा केव्हा यावे तेही त्यासोबत कळविण्याची सोय आहे. जगात असे किती मालक असतील की जे बिघाड होताच ‘दोष आमचा’ असे लिहून देतात? या नियमाने यंत्राला तेवढा प्रामाणिकपणा शिकविला.

आरंभी हा व्यवहार माणूस आणि यंत्र यांच्यातला होता. पडद्यावर अर्ज भरावयाचा आणि पाठवावयाचा. लवकरच यंत्रेच यंत्रांना अर्ज करू लागली. १९९८ साली एक्सएमएल-आरपीसी ही त्यासाठीची पद्धत आली. २००० साली फील्डिंग यांनी आपल्या प्रबंधात वेबच्या रचनेची तत्त्वे ‘रेस्ट’ या नावाने मांडली, आणि ‘जेसन’ ही मजकूर लिहिण्याची सुटसुटीत रीत पसरत गेली. महिरपी कंसांत नाव, विसर्गासारखी दोन टिंबे आणि पुढे किंमत, अशी ती रीत आहे. दुकानदाराच्या याद्यांइतकीच ती सोपी आहे. अशा रीतीने दुसऱ्या प्रोग्रामांच्या मागण्या पुऱ्या करणाऱ्या दूरच्या यंत्राला वेबसेवा म्हणतात.

समजा, आपण वीजबिल भरीत आहोत. आपला प्रोग्राम एक लिफाफा तयार करतो. वर पत्ता आणि ‘पोस्ट’ हा शब्द; त्याखाली मजकूर कोणत्या रीतीने लिहिला आहे, किती लांब आहे आणि पाठविणारा कोण, याच्या ओळी; मग एक कोरी ओळ; आणि शेवटी ग्राहक क्रमांक व रक्कम. तारघरातली शब्दसंख्या आपल्याला येथे पुन्हा भेटते. उत्तरही याच घडीचे असते.

उत्तर वाचण्याचा योग्य क्रम येणेप्रमाणे आहे. प्रथम, ठरलेल्या मुदतीत उत्तर आले का? दुसरे, त्यावरचा आकडा कोणता? तिसरे, आतला मजकूर कोणत्या रीतीने लिहिल्याचे सांगितले आहे? आणि मग चौथे, तो मजकूर उलगडून आत काय म्हटले आहे? हा क्रम पाळणे वाटते तितके सहज नाही. ब्राउझरमध्ये मजकूर पाठविण्यासाठी प्रोग्रामर ‘फेच’ नावाचे जे साधन वापरतात, ते ४०४ किंवा ५०० हा आकडा आला तरी स्वतः होऊन तक्रार करीत नाही. उत्तर आले ना, मग आपले काम झाले, असे ते मानते. आकडा तपासण्याची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची. त्याने ती ओळ लिहिली नाही तर पडद्यावर ‘धन्यवाद’ उमटते आणि काम झालेले नसते. उलट कित्येक वेबसेवा वर २०० हा यशाचा आकडा लावतात आणि आतल्या मजकुरात नकार लिहितात. म्हणजे सकारले की नकारले हे ओळखण्यासाठी आकडा आणि मजकूर दोन्ही वाचावे लागतात.

यशाच्या आकड्यांतही भेद आहेत. २०१ म्हणजे नवी नोंद झाली. २०२ म्हणजे मागणी ठेवून घेतली, काम अजून झालेले नाही, आणि ते होईलच असेही नाही. मुदती हुंडी सकारणाऱ्या सावकारापेक्षाही हे उत्तर सावध आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने २०० आणि २०२ यांना एकच हिरवी खूण दिली, तर ठेवून घेतलेला अर्ज मंजूर झाल्यासारखा दिसेल.

आणि उत्तर आलेच नाही तर? हाच सेनापतींचा प्रश्न. निरोप गेला नाही, की काम झाले आणि पोच हरवली? ‘पोस्ट’ पुन्हा केले तर पैसे दोनदा जाण्याची भीती. म्हणून जाणते प्रोग्रामर प्रत्येक मागणीला पाठवतानाच एक स्वतंत्र खूणक्रमांक देतात. त्याच क्रमांकाची मागणी पुन्हा आली तर सेवा काम दुसऱ्यांदा करीत नाही, पहिलेच उत्तर परत देते. ही सरळ सरळ पेठ आणि परपेठ आहे. मात्र त्यासाठी सेवेने क्रमांकाची वही ठेवावी लागते. न ठेवणाऱ्या सेवेपुढे मागणारा निरुपाय असतो.

येथवर यंत्रांचा इतिहास झाला. आता माणसांकडे येतो. आकडा दोष कोणाचा ते सांगतो. नुकसान कोणी सोसावयाचे ते सांगत नाही. ते कायद्याने आणि करारानेच ठरते.

पैशांच्या बाबतीत ते काही अंशी ठरले आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाले. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा झाले नाहीत, अशी प्रकरणे होऊ लागली. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढले. त्याप्रमाणे खात्याहून खात्याला पाठविलेले पैसे असे अडकले तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत; त्यापुढच्या विलंबासाठी दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. यंत्राच्या मौनाला येथे किंमत लावली गेली, आणि ती यंत्र चालविणाऱ्याकडून घ्यावयाची ठरली.

आता दुसरे चित्र पाहा. कामाच्या हक्काचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. देशाने २००५ साली केला. त्या केंद्रीय कायद्यात पोचेची किंमत बरोबर ओळखली होती. काम मागणाऱ्या मजुराला तारीख घातलेली पावती द्यावयाची आणि १५ दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता, अशी ती तरतूद होती. पावतीवरची तारीख हाच मजुराचा पुरावा. पुढे हजेरी यंत्रावर आली. २०२१ साली त्यासाठी मोबाइलवरचे अॅप काढले आणि १ जानेवारी २०२३ पासून, व्यक्तिगत लाभाची कामे सोडता, सर्व कामांवर ते सक्तीचे झाले. दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र, वेळ आणि ठिकाण यांसह, पाठवावयाचे. खोट्या हजेऱ्यांना आळा घालणे हा हेतू सांगितला गेला, आणि त्या हेतूला कोणी प्रामाणिक मजूर विरोध करणार नाही. परंतु डोंगरात फोनला रेंज नसली किंवा सर्व्हर बंद पडला आणि छायाचित्र चढले नाही, तर दिवसभर माती वाहूनही त्या दिवसाची हजेरी लागत नसे, अशा तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. अपवादात्मक प्रसंगी जिल्हा पातळीवरून हाताने हजेरी नोंदविण्याची सोय होती. पण रोजंदारीच्या मजुराला जिल्ह्याच्या गावी खेटे घालणे म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडविणे. २०२३ च्या फेब्रुवारीत दिल्लीत जंतरमंतरवर मजुरांनी दीर्घ धरणे धरले, त्यांच्या मागण्यांत ही हजेरीची पद्धत मागे घेण्याची मागणीही होती.

या दोन चित्रांतला फरक यंत्राचा नाही. दोन्हीकडे तीच भाषा, तेच आकडे. बँकेच्या खातेदाराच्या बाबतीत पाचाचा दोष पाचाकडे राहिला. मजुराच्या बाबतीत दोष पलीकडच्या यंत्राचा असूनही भुर्दंड त्याला पडला, जणू काही चूक मागणाऱ्याचीच होती. पाचाचा दोष चाराच्या माथी मारला गेला. हे कोणत्याही तांत्रिक नियमात लिहिलेले नाही. किंबहुना १९९६ चा नियम याच्या नेमका उलट आहे.

मी यंत्राचा शत्रू नाही. खोटी हजेरी लावून मजुराच्या नावावर पैसे उचलणारा मुकादम मी पाहिला आहे, आणि त्याला पकडणारे यंत्र मला हवेच आहे. माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. यंत्राकडे जे जे पाठविले जाते त्याची तारीख, वेळ आणि क्रमांक असलेली पोच पाठविणाऱ्याच्या हाती राहिली पाहिजे, केवळ चालकाच्या वहीत नव्हे. ‘ठेवून घेतले’ आणि ‘काम झाले’ ही दोन उत्तरे माणसाला त्याच्या भाषेत निरनिराळी दिसली पाहिजेत. आणि जेथे यंत्राने स्वतःच दोष आपला असल्याचे सांगितले, तेथे त्याचा भुर्दंड यंत्र चालविणाऱ्यानेच सोसला पाहिजे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा शोध लागावयाचा नाही. आकडे आहेत, खूणक्रमांकाची युक्ती आहे, भरपाईचा नमुनाही रिझर्व्ह बँकेने घालून दिला आहे. उणीव आहे ती मागणाऱ्यांची.

येथे बसलेल्या मंडळींत प्रोग्राम लिहिणारे तरुण असतील, कचेऱ्यांतून अशी कामे करवून घेणारे अधिकारी असतील. त्यांना माझी एवढीच विनंती की, उत्तराचा आकडा तपासणारी ती एक ओळ लिहावयास विसरू नका, आणि पाचाने सुरू होणारा आकडा आला तर पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच न लिहिता ‘बिघाड आमच्याकडे आहे, तुमची नोंद या क्रमांकाने राखली आहे’ असे लिहा. बाकीच्या मंडळींनी आपली पोच मागून घ्यावी.